ऐकण्याची सोय, बोलण्याचा प्रसंग



कसाऱ्याच्या लोकलने वासिंद सोडले की डब्यातला आवाज मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगतो, पुढचे स्टेशन आसनगाव. ‘नेक्स्ट स्टेशन, आसनगाव’ हे शब्द डब्यातल्या भाजीवालीला कळतात, कारखान्यातून सुटून आलेल्या कामगाराला कळतात आणि चौथीत शाळा सोडलेल्या म्हाताऱ्यालाही कळतात. त्यांना ते कोणी शिकवलेले नाहीत. शब्द रोज तेच, त्याच जागी, त्याच चालीत येतात आणि त्यांचा अर्थ मराठीत शेजारीच बसलेला असतो, म्हणून कान आपोआप शिकला. पण एखाद्या परक्या प्रवाशाने याच माणसांना ‘पुढचे स्टेशन कोणते?’ असे इंग्रजीत विचारले, तर बहुतेक जण बोट दाखवतील किंवा शेजाऱ्याकडे पाहतील. जे वाक्य हजार वेळा ऐकले, ते एकदाही तोंडातून निघालेले नाही. ते म्हणण्याचा प्रसंगच कधी आला नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या इंग्रजीचा प्रश्न मला या एका उदाहरणात सामावलेला दिसतो. आपल्याकडे इंग्रजीच्या पुस्तकांचा तुटवडा आहे असे मला वाटत नाही. तुटवडा आहे तो ठरल्या वेळी चांगली इंग्रजी कानावर पडण्याचा आणि ती न लाजता बोलून पाहण्याचा. पहिली उणीव रेडिओ भरून काढू शकतो, दुसरी गावातले संभाषण मंडळ. यातले एक घेऊन दुसरे सोडले तर दोन्ही वाया जातात, हे मला आज मांडायचे आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग म्हटले की शहापूर, मुरबाड हीच नावे आधी तोंडी येऊ लागली. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच धरणांच्या आसपासचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. भाषेचेही काहीसे तसेच आहे. मुंबईची इंग्रजी इथून दीड-दोन तासांवर आहे, तिचे शब्द मात्र रोज घरात येतात. मुरबाडच्या एमआयडीसीत जाणारा मुलगा शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, सुपरवायझर म्हणतो. भिवंडीच्या गोदामात लागलेली मुलगी लोडिंग, स्कॅनिंग, डिस्पॅच म्हणते. शेतात पंप, मोटर, स्टार्टर आहे; दवाखान्यात सलाइन, रिपोर्ट, एक्सरे आहे. ज्याला आपण ‘इंग्रजी येत नाही’ म्हणतो, त्याच्याकडे इंग्रजीची नामे भरपूर असतात. नसते ते वाक्य. ‘मोटर’ येते, पण मोटर जळाली आहे, ती कालपासून बंद आहे, उद्या माणूस पाठवाल का, हे येत नाही. कामाच्या ठिकाणी बढती अडते ती याच टप्प्यावर. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तो शहापुरातूनच जातो. रस्ता दारात आला म्हणजे त्यावरून येणारे काम दारात आले असे होत नाही; मधे एक मुलाखत असते आणि तिथे वाक्य लागते.

शाळेने ही उणीव का भरली नाही? तिने हात आखडला असे म्हणता येणार नाही. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे; रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, जून 2000 पासून, ती पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे आज दहावी झालेल्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी शिकलेली असते. तरीही ‘असर’च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली इंग्रजीतली साधी वाक्ये वाचू शकणारी आठवीतली मुले 2009 मध्ये 60.2 टक्के होती, ती 2016 मध्ये 45.2 टक्क्यांवर आली. 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 57.3 टक्के मुले अशी वाक्ये वाचू शकली आणि वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. या आकड्यांपेक्षा त्यांत जे मोजलेलेच नाही ते मला महत्त्वाचे वाटते. वाचता येते का, हे तपासले. अर्थ कळतो का, हे तपासले. बोलता येते का, हे कोणी विचारले नाही. ही एका पाहणीची चूक नव्हे, ती आपली सवय आहे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या आणि उत्तम शिकल्या. पण त्या वाटेने येणारी इंग्रजी डोळ्यांतून आत जाते आणि लेखणीतून बाहेर पडते. कारकुनी, वकिली, पत्रव्यवहार यांना ती पुरली. आजच्या मुलाला फोनवर उत्तर द्यायचे आहे. त्याची परीक्षा मात्र अजून लेखणीची आहे आणि जे परीक्षेत नाही ते वर्गात नाही. पाचही इयत्ता एकट्या-दुकट्याने सांभाळणाऱ्या पाड्यावरच्या शिक्षकाने त्याउपर बोलण्याचा तास घ्यावा, असे म्हणणे सोपे आहे. पण ज्याला स्वतःला इंग्रजी बोलायची सवय नाही, तो शिक्षक मुलांना कोणती इंग्रजी ऐकवणार?

रेडिओ उपयोगी पडतो तो नेमका इथे. रेडिओवरून भाषा शिकवणे जुने आहे. बीबीसीने रेडिओवरचे इंग्रजीचे पाठ 1943 मध्येच सुरू केले. पण त्यात श्रोता गप्प बसलेला असे. खरा बदल 1970 च्या दशकात निकाराग्वात झाला. तिथे रेडिओवरून गणित शिकवताना प्रश्न विचारून थांबण्याची पद्धत बसवली गेली. मग 1980 च्या दशकात केनियात तीच पद्धत इंग्रजीला लावली. पहिली ते तिसरीच्या वर्गांत रोज अर्धा तास रेडिओ लागे, मुले त्याच्याशी बोलत आणि वर्गातले शिक्षक पाठ चालवायला मदत करत. या वर्गांची इंग्रजी नेहमीच्या वर्गांपेक्षा सरस निघाली. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वी लर्न इंग्लिश’ हा याच जातीचा कार्यक्रम तयार केला आणि तो आकाशवाणीवरून महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत गेला. शिक्षकाला इंग्रजी अस्खलित यायलाच हवी, ही अट अशा पाठात गळून पडते. मराठीतली सूचना मुलांना वाट दाखवते, इंग्रजीचा नमुना रेडिओ देतो, शिक्षक वर्ग हाती धरतो.

अशा पाठाची एक लकब जवळून पाहण्यासारखी आहे. निवेदक मराठीत सांगतो, ‘शेजाऱ्याची वही उचला.’ मग इंग्रजीत विचारतो, ‘व्हॉट इज धिस?’ आणि थांबतो. तीन-चार सेकंद रेडिओ मुका होतो. वर्गातून उत्तर येते, ‘इट इज अ नोटबुक.’ मग रेडिओ स्वतः तेच उत्तर म्हणतो आणि मुलांना आपले बरोबर होते की चुकले ते तिथल्या तिथे कळते. प्रसारणाच्या हिशेबात त्या तीन-चार सेकंदांत काहीच घडत नाही. शिकण्याच्या हिशेबात मात्र पाठ त्या शांततेतच आहे, कारण तेवढ्या वेळात बोलण्याचा प्रसंग येतो. लोकलमधला आवाज सगळे देतो, फक्त ही थांबण्याची जागा देत नाही. म्हणून तिथे कान तयार होतो आणि जीभ तशीच राहते.

मग चांगला रेडिओ पाठ गावात आणला की झाले का? या प्रश्नाला महाराष्ट्रात सत्तर वर्षांपूर्वीच उत्तर मिळाले आहे, आपण ते विसरलो आहोत. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. मुरबाडहून माळशेज चढले की पुणे आणि नगर, शहापूरहून कसारा घाट चढले की नाशिक. म्हणजे प्रयोग आपल्या डोक्यावरच झाला. सुमारे 150 गावे, प्रत्येक गावात साधारण 20 जणांचे मंडळ, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे 20 कार्यक्रम. कल्पना कॅनडाची होती. तिथे 1941 पासून अशी मंडळे चालत. कार्यक्रम संपला की मंडळाने उठायचे नाही, ऐकलेल्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून ऐकायची. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने या प्रयोगाचे मूल्यमापन केले, ते काम पॉल न्यूराथ यांनी पाहिले. त्यांनी मंडळाची गावे पाहिली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे पाहिली आणि दोन्ही नाहीत अशीही पाहिली. मंडळाच्या गावांत माणसांची माहिती स्पष्टपणे वाढली. नुसता रेडिओ असलेली गावे त्यांच्या बरीच मागे राहिली. आवाज तोच होता, वेळ तीच होती. फरक होता तो ऐकल्यानंतर एकमेकांशी बोलणाऱ्या 20 माणसांचा. खत आणि बियाणे यांची माहितीही जर बोलल्याशिवाय मुरत नसेल, तर जी गोष्ट मुळातच बोलायची आहे ती भाषा नुसत्या ऐकण्याने कशी येईल?

मंडळ नेमके काय करते, हे भाषेच्या आतून पाहू. मराठीत प्रश्न करायचा तर वाक्याला हात लावावा लागत नाही. शेवटी ‘का’ जोडला की झाले. ‘तू चहा घेतलास’ आणि ‘तू चहा घेतलास का’. इंग्रजीत प्रश्नासाठी पुढे ‘डिड’ आणावा लागतो आणि तो आला की मागचे क्रियापद भूतकाळ सोडून मूळ रूपात परत जाते. हा नियम पाचवीच्या मुलाला पाठ असतो आणि पदवीधराच्या तोंडून तरीही ‘यू टूक टी?’ बाहेर पडते. तसेच ‘मला भूक लागली’चे. मराठीत भूक येऊन माणसाला लागते, माणूस नुसता ‘मला’ असतो; इंग्रजीत तो स्वतःच भुकेला होतो, ‘आय ॲम हंग्री’. हे फरक समजावून सांगायला दहा मिनिटे पुरतात. पण जिभेला ते वळण लागायचे तर तोच प्रश्न शंभर वेळा, खऱ्या माणसाला, खऱ्या उत्तराच्या अपेक्षेने विचारावा लागतो. रेडिओ शंभर वेळा थांबू शकत नाही. शेजारी बसलेला माणूस थांबू शकतो. शिवाय रेडिओला ठरलेलेच उत्तर चालते. ‘तू काल कुठे गेला होतास?’ याचे खरे उत्तर म्हशाच्या यात्रेला की कल्याणच्या दवाखान्यात, हे फक्त समोरच्याला ठाऊक असते. जे सांगायचे आहे ते समोरच्याला ठाऊक नसेल, तरच बोलण्याला अर्थ येतो.

ही रीत आपल्याला परकी नाही. भजनी मंडळात बुवा एक चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद झेलतात. अक्षरओळख नसलेल्या माणसांना शेकडो अभंग मुखोद्गत असतात ते याच रीतीने: नमुना ऐकायचा, लगेच म्हणायचा, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा आणि धीर आला की एकट्याने चाल धरायची. चुकलेला सूर घोळक्यात लपतो, म्हणून नवखा माणूस गायला धजावतो. लाज ही प्रौढांच्या शिक्षणातली सर्वात मोठी अडचण आहे आणि ती घोळक्यातच मोडते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन बसल्या. तिथे शिकवले गेले ते मराठी अक्षर. तरी त्यातून इंग्रजीसाठी घेण्यासारखा धडा असा की, एकटीला ज्या वयात पाटी धरायची लाज वाटली असती, त्या वयात सगळ्या मिळून बसल्या आणि लाज गेली.

आता आक्षेप. पहिला असा की रेडिओचा काळ गेला. मुलाच्या हातात मोबाइल आहे, त्यात हवी तेवढी इंग्रजी आहे. यात तथ्य आहे, आणि माझा जीव रेडिओच्या खोक्यात अडकलेला नाही. बांगलादेशात 2009 पासून बीबीसीने ‘जानाला’ या उपक्रमातून मोबाइलवर छोटे इंग्रजी पाठ दिले. पाठ ध्वनिमुद्रित करून समाजमंदिरातल्या स्पीकरवर लावला तरी माझ्या दृष्टीने तो रेडिओच. पण रेडिओचे दोन गुण मोबाइलने सांभाळलेले नाहीत. एक म्हणजे ठरलेली वेळ. मोबाइलवरचा पाठ केव्हाही ऐकता येतो, म्हणून तो पुष्कळदा ऐकलाच जात नाही. सात वाजता लागणारा कार्यक्रम माणसांना सात वाजता एकत्र बसवतो. दुसरा म्हणजे सगळ्यांना एकच पाठ. मोबाइल प्रत्येकाला वेगळ्या वाटेने नेतो, आणि वीस जण वीस वाटांना गेले की बोलायला सामाईक काही उरत नाही. शिवाय 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ मुलांपर्यंत गेलीच होती. डोलखांब किंवा माळशेजच्या पायथ्याच्या खोऱ्यांत मोबाइलची रेंज जिथे सुटते, तिथे मध्यम लहरींचा रेडिओ डोंगर ओलांडून येऊ शकतो. एफएम मात्र डोंगराआड अडते, याचाही हिशेब ठेवावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा वीस जणांनी एकमेकांशी इंग्रजी बोलायची, म्हणजे वीस जणांनी एकमेकांच्या चुका पाठ करायच्या. नुसते मंडळ काढले तर हे होईलच, हे मला मान्य आहे. तालुक्याच्या गावी ‘स्पोकन इंग्लिश’चे वर्ग निघतात, त्यांत थोड्या दिवसांत ठरावीक दहा वाक्ये फिरत राहतात, त्याचे कारण हेच: नवा आणि शुद्ध नमुना आत येत नाही. म्हणून मी मंडळ रेडिओपासून तोडत नाही. प्रत्येक बैठकीच्या आधी शुद्ध नमुना कानावर पडला पाहिजे आणि बैठकीतले बोलणे त्या नमुन्याभोवतीच फिरले पाहिजे. त्या चौकटीत झालेली चूक पुढच्या पाठात दुरुस्त व्हायला वाव राहतो. जो बोललाच नाही त्याच्या बाबतीत दुरुस्त करायलाच काही नसते. शिक्षकांपुरता हा विचार राज्याला पटलेलाही आहे. 2016 मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात इंग्रजीच्या शिक्षकांचे गट नियमित भेटून एकमेकांकडून शिकू लागले. जी सोय शिक्षकाला दिली ती बचत गटातल्या बाईला आणि बारावी झालेल्या मुलाला का नको?

तिसरा आक्षेप मराठीच्या काळजीपोटी येतो आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. गावोगाव इंग्रजीची मंडळे निघाली तर मराठीचे काय? माझे उत्तर असे की, मराठी शाळा ओस पडत आहेत त्या मुलांना इंग्रजी आल्यामुळे नव्हे, मराठी शाळेत राहून इंग्रजी येत नाही या आईबापांच्या भीतीमुळे. उसने काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळेची फी भरणारा बाप मराठीवर रुसलेला नसतो. बोलायची इंग्रजी फक्त त्याच दुकानात मिळते अशी त्याची समजूत असते. तीच जर संध्याकाळी समाजमंदिरात, मराठीतल्या सूचनांच्या आधाराने, फुकट मिळू लागली तर मराठी शाळेच्या बाजूने तेवढा एक मुद्दा वाढेल. मात्र इथे सावध राहिले पाहिजे. कातकरी आणि ठाकर पाड्यांवर पुस्तकी मराठी हीच मुलाची दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. त्या मुलाला पुण्याच्या मराठीतल्या सूचना म्हणजे आणखी एक भिंत. तिथे पाठाची भाषा पाड्याच्या बोलीकडे वाकवावी लागेल आणि ते काम बाहेरचा निवेदक करू शकणार नाही. पाड्यावरचाच कोणी दहावी-बारावी झालेला संयोजक करील.

शेवटचा आक्षेप इतिहासाचा. पुण्याचा प्रयोग इतका यशस्वी होता तर ती मंडळे आज कुठे आहेत? 1959 पासून ती देशभर पसरवली गेली आणि पुढे ओसरली. मला यातून दिसते ते असे की, मंडळ वाढवणे सोपे असते, मंडळाचे ऐकणे अवघड असते. प्रयोगात प्रत्येक मंडळाला संयोजक होता, त्याचा प्रश्न केंद्रापर्यंत जाई आणि उत्तर परत येई. दहा आठवड्यांच्या 20 कार्यक्रमांना जे जमले ते हजारो गावांना वर्षानुवर्षे पुरवायचे तर तेवढीच माणसे आणि तेवढीच आस्था लागते. ती नसली की उरतो तो पुन्हा नुसता रेडिओ.

म्हणून शहापूर-मुरबाडसाठी मागणी करताना मी मोठी योजना मागणार नाही. इथले वर्ष भाताच्या लावणीभोवती आणि वीटभट्टीभोवती फिरते. पाऊस पडला की संध्याकाळपर्यंत चिखलात पाय, दिवाळी झाली की कित्येक कातकरी कुटुंबे भट्टीवर. मधे लावणी उरकल्यापासून दिवाळीपर्यंत जे काही आठवडे मिळतात, तेवढ्यात आठवड्याला दोन याप्रमाणे 20 पाठ बसतात. पुण्याच्या प्रयोगातही तेवढेच होते. काही मोजकी गावे, प्रत्येक गावात एक संयोजक, पाठाआधी मराठीत दोन शब्द, पाठानंतर अर्धा तास बोलणे, आणि कुठे अडले ते पाठ तयार करणाऱ्यांना कळवण्याची पक्की सोय. पाठाचा विषय गोदामातला, एसटी स्टँडवरचा, दवाखान्यातला, म्हणजे ज्यांची नामे लोकांना आधीच ठाऊक आहेत असा. शेवटी परीक्षा घ्यायची तर कागदावर घेऊ नये. प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा आणि तीन-चार सेकंद थांबावे. थांबणाऱ्याने तेवढ्यात घाईने स्वतःच उत्तर देऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. आजवर आपण ते पाळलेले नाही.